दावं घरी ठेवायचं असतं

परवा अंगात कणकण होती म्हणून सिरसाळ्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीने पिस्तुलासारखं यंत्र माझ्या कपाळावर रोखलं, ते वाजलं, आणि माझ्या तोंडाकडे न बघताच तिने "पुढचे" म्हणून हाक दिली. ताप नव्हता. पण बाहेर बाकावर बसलो आणि माझा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. आमचे तात्या असते तर कान धरला असता, कानाच्या मुळाशी दोन बोटं दाबून डोळे मिटून उभे राहिले असते आणि म्हणाले असते, "गुरुजी, गरम न्हाई. नुसते कंटाळलाव."

तात्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटी केवढी, तर एक पत्र्याची खोली, चार कॅन, फॅट मोजायचं यंत्र आणि भिंतीवर जर्सी गाईचं जुनं कॅलेंडर. कोणी "चेअरमन" म्हणून हाक मारली की तात्या मागे वळून बघत, खरोखरच कोणी चेअरमन आला की काय म्हणून. अंगाने उंच, कमरेत थोडे वाकलेले, खांद्यावर टॉवेल. माणूस भेटला की रामराम नाही, नमस्कार नाही, आधी कान. जनावराचा ताप कानात कळतो आणि माणूसही त्याच मातीचं, असा त्यांचा हिशोब. गावाला सवय झाली होती, पाहुणे मात्र दचकत. एकदा पंचायत समितीचे साहेब आले. हार घालायच्या आधी तात्यांनी त्यांचा कान धरला आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, "साहेब, आंग गरम हाय तुमचं. आज जेवू नका." साहेब ठणठणीत होते, दोन वेळा रस्सा घेऊन जेवले. तात्यांचा अंदाज साफ चुकला होता. पण पुढच्या खेपेला जीपमधून उतरताच साहेबांनी आपण होऊन कान पुढे केला.

दुसरी खोड म्हणजे ते कोणालाही त्याच्या नावाने ओळखत नसत. गावात सगळ्यांना नावं होती, आईबापांनी पेढे वाटून ठेवलेली, पण तात्यांपुरता कोणी तांबडीवाला होता, कोणी मारकी म्हैसवाला, आणि सरपंच होता नुसता 'जाफराबादी'. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मानूस सोताबद्दल सांगताना लपवतंय. जनावर दारात बांदलेलं असतंय. दिसतंय."

मी बदलीवर या गावच्या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी टपरीवर तिघांनी आडनाव विचारलं. आमच्या लोकांनी आडनाव सांगितलं की समोरच्याला पुढचं सगळं कळतं, आणि चहा कशातून येतो ते बघून आपल्यालाही समोरचा कळतो. चौथे तात्या आले. कान धरला आणि विचारलं, "गुरुजी, जनावर काय हाय घरी?"

"काही नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "कायच न्हाई? मग सकाळी उठून बघताव कुनाकडं?"

मी त्या वेळी हसलो. आता बायको गेली, पोरं शहरात आहेत, आणि मी त्याच गावात एकटा सकाळी उठतो तेव्हा हसू येत नाही. आठ दिवसांनी तात्या माझ्या खोलीवर एक पाट ओढत घेऊन आले. पाट म्हणजे शेळीचं पिल्लू. "सांबाळून बगा. न्हाई जमलं तर आना परत." त्या दिवसापासून मी शेळीवाले गुरुजी. आडनाव गावातून हळूहळू पुसलंच गेलं, आणि ते पुसणाऱ्याला आपण काही केलं हे ठाऊकही नव्हतं.

ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? आमच्या वस्तीतल्या बायका सोसायटीला दूध घालायला लागल्या तेव्हा दोन पुढाऱ्यांनी वस्तीसाठी कॅन वेगळा ठेवा म्हणून धोशा लावला. तात्यांनी भाषण केलं नाही. त्या दोघांच्या हातातल्या चरव्या घेतल्या, वस्तीचं दूध होतं त्याच कॅनमध्ये ओतल्या आणि झाकण दाबून बसवलं. "आता काडून न्या तुमचं तुमचं," म्हणाले आणि फॅटच्या नळ्या धुवायला लागले. दोघे बराच वेळ कॅनकडे बघत उभे होते. पुन्हा तो विषय निघाला नाही.

घरात तात्या आणि काकू, दोघंच. मुलगा सुरेश पुण्याला कंपनीत. काकू केजकडच्या. लग्नात त्यांच्या बापाने त्यांच्याबरोबर हरणी नावाची गाय दिली होती, आणि सासरी येताना बैलगाडीच्या मागे बांधलेल्या त्या गाईकडे नवरदेव इतक्या वेळा वळून बघत होता की वऱ्हाडातल्या बायकांनी काकूंना खूप चिडवलं. तेव्हापासून काकू हरणीवाली. हरणी जाऊन किती वर्षं झाली, हाक तशीच राहिली. "आगं ए हरणीवाले!" ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. काकू लटक्या रागाने म्हणायच्या, "माय-बापानं ठेवल्यालं नाव मी सोता इसरले, गुरुजी."

हरणी गेली तरी तिचं दावं गोठ्यात होतं. दावं म्हणजे जनावराच्या गळ्यातली, खुंट्याला बांधायची दोरी. आमच्याकडे जनावर विकलं तर दावं घेणाऱ्याला देत नाहीत, सोडून घरी ठेवतात. दावं घरात असलं की गोठा रिकामा म्हणत नाहीत, जनावराचा पाय पुन्हा लागतो, अशी समजूत. तात्यांनी आपल्या गोठ्यातून गेलेल्या प्रत्येक जनावराचं दावं भिंतीतल्या खुंट्यांना अडकवलेलं होतं. कोणतं कोणाचं ते हात लावून सांगत.

मग तो मोठा दुष्काळ आला. तलाव आटला, तळ तडकला, आणि त्याच तळात सोसायटीने चारा छावणी उभी केली. जनावरांच्या लांबच लांब दावणी, आणि प्रत्येक जनावरामागे घरातलं कोणीतरी मुक्कामाला. तात्या पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिले. सकाळी एकेका दावणीतून फिरत, जनावरांचे कान धरत, आणि हजेरी घेत. "तांबडी!" म्हणून ओरडले की तांबडीचा मालक चादरीतून "हाय!" म्हणायचा. चांगली मिशीवाली माणसं गाई-म्हशींच्या नावाने हजेरी देत. वर तळपतं ऊन, आणि ती हजेरी ऐकून लोक हसत उठत. दुपारी काकू गावातून डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन येत, तात्या लांबून ओरडत, "आली माझी हरणीवाली," आणि आख्खी छावणी माना वळवून बघायची.

पाऊस पडला तशी छावणी उठली, लोक जनावरं घेऊन घरी गेले. तात्या मात्र मोकळ्या दावणींत एकटेच बसून राहिले. काकू न्यायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. "चला आता, छावनी उठली," काकू म्हणाल्या. तात्या उठले, पण वाटेत चार वेळा मागे बघितलं त्यांनी. एवढ्या माणसांत राहिलेला माणूस घरी जाताना इतका एकटा दिसू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वयाने चेअरमनकी सुटली आणि विसर सुरू झाला. आधी आम्ही थट्टेवारी नेलं. तांबडीवाल्याला त्यांनी मारकीवाला म्हटलं तेव्हा तांबडीवालाच रुसला. एकदा माझ्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "गुरुजी, शेळी कशी हाय?" शेळी मरून कित्येक वर्षं झाली होती, पुरताना खड्डा तात्यांनीच खणला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी मला मान हलवून खुणावलं. मी म्हणालो, "बरी आहे." तात्या समाधानाने पुढे गेले. मग माझ्या लक्षात आलं की काकू आताशा त्यांच्यामागे दोन पावलं चालतात आणि समोरून माणूस आला की हळूच जनावराचं नाव पुटपुटतात.

त्या उन्हाळ्यात तात्या पाणी प्यायचंही विसरायला लागले. हौद भरून ठेवायचे आणि स्वतः कोरडे. लघवीला जळजळ, मग ताप, मग असंबद्ध बोलणं. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं.

दिवसभर ग्लानीत होते. संध्याकाळी दिवे लागले आणि तात्या उठून बसले. वॉर्डात समोरासमोर खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेशी एक माणूस जमिनीवर बसलेलं. ते बघून त्यांचे डोळे चमकले. सलाईनची सुई ओढून काढून ते निघाले की हजेरीला! पहिल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा कान धरला. दुसऱ्यावरच्या पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा धरला. "ह्याचं दूध कामून आटलं रे? पानी दावलं का?" असं त्याच्या भावाला दरडावून विचारलं. तिसऱ्या खाटेवरची बाई किंचाळली, पळापळ झाली, आणि चौघांनी धरून तात्यांना खाटेवर आडवं केलं. हातातून रक्त गळत होतं. सिस्टरने बँडेजच्या पट्टीने त्यांचे दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधले. ती वाईट नव्हती, सगळा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर होता. तरी मला तिचा राग आला आणि माझाही आला, कारण चौघांत एक मी होतो.

तात्यांनी दोनदा हिसके दिले. मग स्वतःच्याच मनगटाकडे निरखून बघितलं आणि काकूंना म्हणाले, "बाई, कुनाचं हाय हे? दावं लई आखूड बांदलंय. मान खाली जात न्हाई. पानी कसं पेल?"

काकूंनी पट्टी सोडली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आजी, पुन्हा सुई काढली तर जबाबदारी तुमची," सिस्टर म्हणाली.

"माजीच हाय," काकू म्हणाल्या.

सकाळी डॉक्टरीण आली, सुरेशच्याच वयाची. खाटेच्या कडेवर बसून तिने समजावून सांगितलं. "आजी, ताप, अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात नवी जागा. यानं म्हाताऱ्या माणसाचं डोकं एकाएकी भरकटतं. याला डिलिरियम म्हणतात. बरेच जण यातून बाहेर येतात. पण आधीपासून विसर पडत असेल तर माणूस होता तिथवर पुष्कळदा परत येत नाही. आधी विसरत होते का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई," म्हणाल्या.

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हो म्हनले असते तर इलाज सोडून दिला असता का त्येंनी?" मी म्हटलं, नाही, तसं नसतं. मग काकू उठल्या, पदर नीट केला आणि भर वॉर्डात तिच्यामागे जाऊन म्हणाल्या, "इसरतेत. लई दिसापासून इसरतेत. मीच झाकत होते." एवढं बोलून त्या पहिल्यांदा रडल्या. डॉक्टरणीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे ताप उतरला. तात्या जेवू लागले, चालू लागले. काकू रोज संध्याकाळी त्यांना सांगायच्या, "छावनी उठली, आता घरी चला," आणि तात्या खिडकीतून आभाळाकडे बघून म्हणायचे, "पाऊस कुटं पडलाय आजून?" दवाखान्यातून सोडलं तेव्हा सुरेशही आला होता. गावात शिरताना तो म्हणाला, "घर बघितलं की येतील ताळ्यावर." मलाही तसंच वाटत होतं. घर आलं, गोठा आला, पण ताळ्यावर कोणी आलं नाही. ताप दवाखान्यात राहिला आणि बहुतेक आमचे तात्याही त्याच्यासोबत तिथेच राहिले.

तात्यांची छावणी काही उठली नाही. सकाळी गोठ्यात जात, एकुलत्या एका गाईचा कान धरत आणि रिकाम्या खुंट्यांपाशीही थांबत थांबत पुढे जात. काकू समोर आल्या की अदबीने विचारत, "बाई, तुमचं जनावर कोन्तं?"

"हरणी," काकू म्हणायच्या.

तात्या खुशीत हसायचे. "हरणी आमच्या घरची हाय, बाई. तिची मालकीन केजकडची. लई बोलकी. आन हाताला चव अशी, की सांगू नका."

"कुटं हाय ती?"

"येईल की आता, भाकरी घिऊन."

आणि समोर वाढलेलं ताट बाजूला सारायचे, "ती आली की जेवतो." दुसऱ्या बाईच्या हातचं आधी कसं खावं, हा त्यांचा सभ्यपणा. काकू मग भाकरी फडक्यात बांधायच्या, मागच्या दाराने बाहेर पडायच्या आणि उन्हातून गल्लीला वळसा घालून, डोक्यावर फडकं घेऊन पुढच्या दाराने आत यायच्या. तेव्हा कुठे तात्या घास घ्यायचे. पण तेही ओळखून नाही. दमून आलेल्या बाईला नाही म्हणवत नसे म्हणून.

"माज्याच तोंडावर माजी तारीफ करतेत, गुरुजी, आन मला वळखत न्हाईत," एकदा काकू मला म्हणाल्या. "मला दुसरं कायबी नको. एकदा हाक मारू द्या त्येंला. एकदाच. मग जाऊ द्या कुटं जायचं तितं."

मी भिंतीवरच्या दाव्यांकडे बघत बसलो.

सुरेशने दोघांना पुण्याला नेऊन बघितलं. फ्लॅटमध्ये तात्या दिवसभर गोठ्याचं दार शोधायचे. जिन्यात बसून राहायचे. चार शब्द उरले होते त्यातलेही काही तिथे सांडले, आणि सुरेशनेच त्यांना परत आणून सोडलं. जाताना तो माझ्या ओट्यावर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. त्यालाही तात्या "तुमचं जनावर कोन्तं?" असंच विचारत, आणि त्या पोराकडे सांगायला एकही जनावर नव्हतं.

काकूंचे गुडघे गेले, शेणमूत होईना, तेव्हा शेवटची गाय द्यायची ठरली. व्यापारी टेम्पो घेऊन आला. तात्या ओट्यावर बसले होते, आपल्याला या गडबडीशी काही देणंघेणं नाही असे. व्यापारी गाय टेम्पोत चढवणार तेवढ्यात ते उठले, गाईजवळ गेले, आणि ज्या बोटांना सदऱ्याचं बटण लागत नव्हतं त्या बोटांनी तिच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ झटक्यात सोडली. व्यापाऱ्याने निमूटपणे आपली दोरी बांधली. तोही याच भागातला, त्याला सांगावं लागलं नाही. काकू माझ्याकडे आशेने बघत होत्या. दावं आठवलं, आता हाकही आठवेल, असं त्यांना वाटलं असावं. पण तात्या दावं घेऊन पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. ते भिंतीतल्या खुंटीला अडकवायचं मात्र त्यांना सुचलं नाही. पुढे झोपेतही ते कायम त्यांच्या हातात असायचं.

त्यानंतर तात्या फार दिवस राहिले नाहीत. शेवटी शेवटी अंथरुणावर होते, पण ते रूप मी आठवत नाही. मला आठवते ती त्याआधीची एक संध्याकाळ.

मी काकूंना शेवग्याच्या शेंगा द्यायला गेलो होतो. घरात कोणी नव्हतं, म्हणून मागे गोठ्याकडे वळलो आणि दारातच थांबलो. काकू रिकाम्या गव्हाणीच्या कडेला बसल्या होत्या. तात्या हातात दावं घेऊन खुंट्याखुंट्यापाशी थांबत, हजेरी घेत येत होते. येता येता त्यांच्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुमचं जनावर कोन्तं?"

मला वाटलं, आता काकू रोजच्यासारखं हरणी म्हणतील. पण त्या दिवशी त्या थकल्या असाव्यात.

"जनावर न्हाई माजं," त्या म्हणाल्या. "मानूस होतं. ह्याच छावनीत होतं. गेलं."

तात्या गंभीर झाले. आपल्या छावणीतून कोणाचं काही गेलं, हे त्यांना लागलं असावं.

"दावं ठेवलंव का त्येचं?"

"न्हाई. दावं कुटलं मानसाला."

तात्यांनी हातातल्या दाव्याकडे बघितलं. एवढे दिवस ते त्यांनी कोणाला हात लावू दिलं नव्हतं. झोपेत काढून घेतलं तरी जागे होत. ते त्यांनी नीट गुंडाळलं आणि काकूंच्या ओंजळीत ठेवलं.

"हे ठेवा. दावं घरी ठिवायचं असतंय, बाई. मग गोटा रिकामा म्हनत न्हाईत."

काकूंनी ते दावं छातीशी धरलं. तात्यांनी वाकून त्यांचा कान धरला, मुळाशी दोन बोटं दाबली, डोळे मिटले.

"गार पडलाय. पानी पीत जा जरा," म्हणाले, आणि पुढच्या खुंट्याकडे निघाले. तिथे कोणी बांधलेलं नव्हतं.